यजमान आणि शेवटची पंगत

लग्नसराई आली म्हणजे आमच्या कर्जत तालुक्यांतील रस्ते वाजूं लागतात. होळी सरल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत असा दिवस क्वचितच जातो कीं ज्या दिवशीं कोठें तरी मांडव नाहीं. घरोघरीं पत्रिका येतात, आणि त्या पत्रिकांच्या शेवटीं 'आपले नम्र' हे दोन शब्द बहुधा असतातच. त्या शब्दांखालीं ज्यांचीं नांवें छापलेलीं असतात ते त्या दिवसाचे यजमान. वधूवरांविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पोशाखाविषयीं, दागिन्यांविषयीं आणि जेवणांतील पदार्थांविषयीं बोलणारे तर त्याहूनही अधिक आहेत. परंतु त्या 'नम्र' गृहस्थाचें कर्तव्य काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. म्हणून वार्षिकाच्या या पानांवर तो विषय विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विद्यार्थी कदाचित् म्हणतील, 'यजमानपणाशीं आम्हांस काय करावयाचें आहे? आम्ही तर जेवावयास जाणारे!' त्यांस आमचें उत्तर असें कीं, घरच्या लग्नांत पंगतीला पाणी देणारा मुलगा आणि दारांत अत्तर-गुलाब घेऊन उभी राहणारी मुलगी हींही त्या दिवसापुरतीं यजमानच होत. शिवाय माणूस मोठेपणीं जसा यजमान होतो त्याचें शिक्षण त्यास लहानपणींच्या मांडवांतच मिळालेलें असतें.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. 'यजमान' हा शब्द संस्कृतांतील 'यज्' या धातूपासून झाला आहे. जो यज्ञ करवितो, जो आपल्या जवळचें द्रव्य अर्पण करतो, तो यजमान. या शब्दाच्या शेवटीं 'मान' हीं दोन अक्षरें दिसतात खरीं. परंतु तो व्याकरणांतला केवळ प्रत्यय आहे, मानपानाशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं. देणें हा यजमानाचा धर्म. मान घेणें हा नव्हे. आमच्या कित्येक मांडवांत मात्र हें व्याकरण उलटें वाचलें जातें असें म्हणणें भाग आहे.

गेल्या वैशाखांत कशेळे येथील एका लग्नास जाण्याचा योग आम्हांस आला. कशेळे हें कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरील लोकांचें येणेंजाणें त्याच रस्त्यानें होतें. मांडव मोठा होता, आणि घरच्या मंडळींनीं खर्चांत हात आंखडता घेतला नव्हता. मुहूर्त दुपारीं बाराचा. परंतु साडेबारा झाले तरी व्यासपीठावर सत्कारच चालले होते. ध्वनिक्षेपकावरून एकेका पुढाऱ्याचें नांव पुकारलें जाई. मग शाल, मग नारळ, मग टाळ्या, आणि वर आशीर्वादाचे चार शब्द. ते चार शब्द चारांवर थांबत नसत. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस नवरा-नवरी घामाघूम होऊन उभीं होतीं. वधूचा बाप, म्हणजे त्या दिवसाचा मुख्य यजमान, सुमारें तीन तास व्यासपीठावरून खालीं म्हणून उतरला नाहीं.

मंगलाष्टकें आटोपलीं तेव्हां एक वाजून गेला होता. पहिली पंगत मोटारींतून आलेल्या पाहुण्यांची झाली, दुसरी व्याह्यांच्या गांवकऱ्यांची, तिसरी भाऊबंदांची. आम्ही हात धुवावयास मांडवाच्या मागल्या बाजूस गेलों, तेव्हां आंब्याखालीं वाजंत्री बसलेले दिसले. आदल्या रात्रीं हळदीला ते वाजवीत होते, आणि सकाळपासून पुन्हां उभे होते. त्यांच्या शेजारीं, ज्या कातकरी बायकांनीं पहाटेपासून पाणी भरलें व भांडीं घांसलीं, त्या आपल्या पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साडेतीन वाजले. जिलबी संपली होती, आणि भाताचें पातेलें तळास गेलें होतें.

इतक्यांत घरांतली वृद्ध आजी काठी टेकीत बाहेर आली. तिनें व्यासपीठाजवळ जाऊन मुलास हांक मारली आणि विचारलें, 'अरे, वाजंत्री जेवले का? आणि त्या बायका?' मुलाला उत्तर देतां आलें नाहीं. परंतु त्या गृहस्थाविषयीं एवढें सांगितलें पाहिजे कीं त्यानें सबब सांगितली नाहीं. तो खालीं उतरला, डोक्यावरचा फेटा काढून ठेवला, आणि आचाऱ्यास नवा भात चढवावयास सांगितलें. भात होईपर्यंत तो आंब्याखालींच बसून राहिला. आजी वाजंत्र्यांना म्हणाली, 'दादांनो, उशीर झाला. मनावर घेऊं नका.' त्यांतला एक म्हातारा शांतपणें म्हणाला, 'आमचं हे नेहमीचंच आहे, आजी.'

हें एक वाक्य आम्हीं त्या लग्नांतून घरीं आणलें, आणि तेंच या लेखाचें कारण आहे. तो यजमान कंजूष नव्हता, उर्मट नव्हता, दुष्ट तर मुळींच नव्हता. त्याची समजूत एवढीच होती कीं मोठ्यांसमोर उभें राहणें म्हणजे यजमानपण. आणि ही समजूत त्याच्या एकट्याची नाहीं. ती आपणां सर्वांची आहे. म्हणूनच त्या म्हाताऱ्यास तें 'नेहमींचें' वाटलें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: यजमानाची परीक्षा पहिल्या पंगतीवरून करूं नये, शेवटच्या पंगतीवरून करावी. पहिली पंगत आपोआप चांगली होते. अन्न गरम असतें, वाढपी ताजेतवाने असतात, आणि यजमान स्वतः फिरून 'सावकाश होऊं द्या' असें म्हणत असतो. शेवटच्या पंगतीस अन्न निवालेलें असतें, वाढपी थकलेले असतात, आणि यजमान पाहुण्यांस निरोप देण्यांत गुंतलेला असतो. पहिल्या पंगतीला मिळालें म्हणून शेवटच्या पंगतीला मिळेलच असें नाहीं. परंतु ज्यानें शेवटचीची काळजी वाहिली त्याच्या घरीं पहिलीला उणें पडणें शक्य नाहीं. यास्तव यजमानाचें लक्ष जर एकाच ठिकाणीं राहणार असेल, तर तें मांडवाच्या पुढच्या दारापेक्षां मागच्या दारावर असणें अधिक बरें.

हा विचार आम्हीं नवा काढलेला नाहीं. राजसूय यज्ञाच्या वेळीं युधिष्ठिरानें कामांची जी वांटणी केली ती महाभारताच्या सभापर्वांत दिली आहे. अन्नाची व्यवस्था दुःशासनाकडे, ब्राह्मणांचें स्वागत अश्वत्थाम्याकडे, राजांचें आदरातिथ्य संजयाकडे, खर्च विदुराकडे, आणि आलेले नजराणे स्वीकारण्याचें काम दुर्योधनाकडे. श्रीकृष्णानें पाहुण्यांचे पाय धुण्याचें काम आपण होऊन पत्करलें. आमच्याकडील कीर्तनकार तर त्यानें उष्ट्या पत्रावळी उचलल्या असें सांगत आले आहेत. ज्याची अग्रपूजा व्हावयाची त्यानेंच सर्वांत खालचें काम उचललें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. परंतु त्याच कथेचा दुसरा भागही विसरूं नये. पुढें मयसभेंत दुर्योधन जमीन समजून पाण्यांत पडला, आणि पांडवांकडील मंडळी त्यास हंसली. एवढा मोठा यज्ञ, एवढें अन्नदान. पण पाहुण्याच्या मनांत तें एक हंसें तेवढें राहिलें, आणि त्याचा शेवट कोठें झाला तें सांगावयास नको. पाहुणा पक्वान्नें विसरतो, अपमान विसरत नाहीं.

नव्या करारांतील काना गांवच्या लग्नाची गोष्टही आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. तेथें द्राक्षारस संपला. वेळ यजमानाच्या अब्रूची होती. जो उत्तम रस नंतर आला तो कोठून आला याचा पत्ता भोजनकारभाऱ्यास नव्हता. ज्यांनीं रांजणांत पाणी भरलें त्या चाकरांस मात्र होता. लग्नघराची खरी हकीकत व्यासपीठावरच्या माणसांपेक्षां पाणी भरणाऱ्यांस अधिक ठाऊक असते, असा बोध आम्ही यांतून घेतों.

शेवटच्या पंगतीचा प्रश्न केवळ भुकेचा किंवा वेळेचा नाहीं. आमच्या समाजांत पंगती पूर्वीं जातवार बसत. कोणी आंत बसावें, कोणी अंगणांत, कोणी कुंपणाबाहेर, हें ठरलेलें असे. आमच्याच जिल्ह्यांत, तेव्हांच्या कुलाब्यांत, महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी आपल्या सहकाऱ्यांसह ओंजळीनें घेतलें, तें पाण्याच्या अधिकारासाठीं. समतानंद अनंत हरि गद्रे यांनीं झुणका-भाकरीचीं सहभोजनें घडवून आणलीं, तीं एका पंगतीच्या अधिकारासाठीं. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. आज कोणताही यजमान मांडवांत उभा राहून 'तुम्ही तिकडे बसा' असें म्हणत नाहीं, म्हणण्याची सोयही नाहीं. परंतु सर्व पंगती उठल्यावर आंब्याखालीं कोण उरलें, हें एकदां डोळे उघडून पाहावें. जीं माणसें पूर्वीं कुंपणाबाहेर होतीं त्यांचींच नातवंडें तेथें पुष्कळदां बसलेलीं आढळतात. पूर्वीं त्यांस जागेनें दूर ठेवीत. आतां वेळेनें दूर ठेवतात. हेतु नसेल, परिणाम तोच आहे.

आतां खर्चाविषयीं. मोठेपणासाठीं ऋण काढून यजमान होणें हा यजमानपणाचा दुसरा आणि अधिक भयंकर विपर्यास होय. जुन्या ठाणें जिल्ह्यांतील डहाणू-उंबरगांव भागांत वारली तरुण लग्नाकरितां जमीनदाराकडून पैसे घेई, आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघेंही त्या जमीनदाराच्या घरीं व शेतावर राबत. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. कर्ज थोडें असे, परंतु कित्येकांचें सारें आयुष्य त्यांत सरे. ज्या दिवशीं माणसानें नवा संसार मांडावयाचा त्याच दिवशीं त्यानें आपलें स्वातंत्र्य विकावें, याहून दुःखाची गोष्ट ती कोणती? १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांनीं किसानसभेच्या द्वारें वारल्यांस संघटित केलें, तेव्हां वेठ आणि लग्नगडीची चाल यांवर खरा घाव बसला. पुढें १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी देशभर बंद झाली.

कायद्यानें चाल बंद होते, गरज बंद होत नाहीं. आमच्या बाजूचीं कातकरी कुटुंबें पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर कामास जातात. जाण्यापूर्वीं मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात. तिला 'उचल' म्हणतात. ही उचल पुष्कळदां आजारपणासाठीं घेतलेली असते, आणि पुष्कळदां लग्नासाठीं. मग उचल फिटेपर्यंत भट्टी सुटत नाहीं, आणि आईबापांबरोबर मुलेंही शाळा सोडून जातात. वर्गांत एक जागा रिकामी दिसते. तिच्या मुळाशीं एखादा मांडव असूं शकतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि शेतकरी घरांत उचल नसली तरी जमीन असते. सावकाराकडे असो कीं पेढीकडे असो, लग्नासाठीं गहाण पडलेली जमीन वैशाखांत दिसत नाहीं. ती पुढल्या पांच-सात वर्षांत दिसूं लागते.

येथें कोणी म्हणेल, 'हें सर्व खरें. परंतु थोडक्यांत केलें तर लोक काय म्हणतील?' या आक्षेपाची आम्ही थट्टा करीत नाहीं. गांवांत राहणाऱ्या माणसास गांवाचें बोलणें ऐकावें लागतें, आणि मुलीच्या बापास तर तें अधिक लागतें. तथापि दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसें वाटतें. पहिली अशी कीं, जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षीं त्या पद्धतीचें पहिलें लग्न साध्या रीतीनें लागलें. त्या वेळीं लोक बोलले नसतील काय? लोक बोलले, आणि लग्नें झालीं. दुसरी गोष्ट तर आपण सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे. करोनाच्या साथींत, २०२० सालीं, लग्नास पन्नास माणसांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्यें महाराष्ट्रांत ती पंचवीसवर आली, आणि सारा समारंभ दोन तासांत उरकावा असा हुकूम निघाला. तशा लग्नांतील नवराबायकोचे संसार आज कांहीं कमी सुखाचे नाहींत. ज्यांस बोलावणें आलें नाहीं त्यांनीं रागही धरला नाहीं, कारण सर्वांस एकच नियम होता. जें आपण भीतीनें करूं शकलों तें विचारानें करतां येणार नाहीं, असें मानण्याचें कारण काय?

थोडक्यांत करा म्हणजे हात आंखडा, असा आमचा सल्ला नाहीं. पाहुण्यास उपाशी धाडून पैसा वांचविणें हें यजमानपण नव्हे. बोलवावे थोडे, पण जे बोलावले त्यांतला शेवटचा मनुष्यही तृप्त होऊन जावा. वाजंत्री, आचारी, वाढपी, मांडव घालणारे, भांडीं घांसणाऱ्या, मोटारी हांकणारे, हे सर्व त्या 'बोलावलेल्यां'मध्येंच मोजावे. जेवणाचा अंदाज करतांना ज्यांचीं नांवें यादींत नसतात, उणें पडतें तें नेमकें त्यांनाच.

हल्लीं सायंकाळच्या स्वागतसमारंभाची, ज्यास लोक 'रिसेप्शन' म्हणतात त्याची, पद्धति खेड्यांतही आली आहे. कर्जतच्या परिसरांत तर मुंबईची मंडळी येऊन मोठमोठ्या विश्रामगृहांत लग्नें करतात, आणि त्यांचें पाहून आपल्याकडेही तसेंच व्हावें असें वाटूं लागतें. या समारंभांत यजमान वधूवरांशेजारीं उभा असतो. पाहुणे रांगेनें वर येतात, आहेर देतात, छायाचित्र निघतें, आणि मग ज्यानें त्यानें आपलें ताट आपण वाढून घ्यावयाचें. या बुफे पद्धतीचा आम्ही सरसहा निषेध करीत नाहीं. तिनें पंगतींतला उच्चनीचपणा पुष्कळ कमी केला. ताट घेऊन कोणीही कोणाशेजारीं उभें राहतो, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु तिनें एक गोष्ट नेली, ती म्हणजे यजमानाची पंगतींतली फेरी. ज्या म्हाताऱ्याचा हात कांपतो त्यानें एका हातीं ताट धरून दुसऱ्या हातानें कसें जेवावें? ज्या बाईच्या कडेवर मूल आहे तिनें काय करावें? जो पाहुणा संकोची आहे त्यास 'आणखी घ्या' असें कोणी म्हणावें? पंगतींत हे प्रश्न यजमानाच्या डोळ्यांसमोर येत. व्यासपीठावर येत नाहींत. म्हणून आमची सूचना एवढीच कीं, छायाचित्रें अर्धा तास कमी निघालीं तरी चालतील, यजमानानें खालीं उतरावें. वधूवरांस शोभा आणण्यास तीं स्वतः समर्थ आहेत.

आमच्या वाड्यांवरील गरिबांच्या लग्नांकडेही या दृष्टीनें पाहावें. तेथें भाऊबंद येतांना रिकाम्या हातांनीं येत नाहींत. कोणी तांदूळ आणतो, कोणी लांकडें, कोणी नुसते आपले दोन हात. एकाचें लग्न साऱ्या वाडीच्या अंगावर वांटलें जातें. पक्वान्न एखादेंच असेल किंवा नसेलही. परंतु जो राबला तो उपाशी राहिला असें तेथें सहसा होत नाहीं, कारण राबणारे आणि जेवणारे हे तेथें दोन निराळे वर्ग नाहींत. ज्यांस आपण शिकवावयास निघालों त्यांच्याकडून आपणच हें शिकावें असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें.

पालकांपुढें आम्ही चार गोष्टी नम्रपणें ठेवतों. मुहूर्त छापला तो पाळावा. सत्कार करावयाचेच असतील तर जेवणानंतर करावे. जितकें ऋणाशिवाय होईल तितकेंच करावें. आणि शेवटची पंगत यजमानानें आपली समजावी; घरच्या माणसांनीं त्याच पंगतीस, वाजंत्र्यांच्या व कामकऱ्यांच्या शेजारीं, एकाच वेळीं जेवावयास बसावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस ऋण काढावयाचें नाहीं कीं मुहूर्त ठरवावयाचा नाहीं. तुमच्याकडे त्या दिवशीं पाण्याचा जग असेल. वैशाखांत आपल्या बाजूच्या वाड्यांवर पाण्याची टंचाई असते. तो जग भरून आणण्यास कोणी तरी दूरवर चालत गेलेलें असतें. तेव्हां पहिल्या पंगतीला पाणी देऊन झालें म्हणजे तो जग घेऊन मांडवाच्या मागें जा. तेथें कोण बसलें आहे तें पाहा, आणि आजीनें विचारलें तेंच मोठ्यांना जाऊन विचारा. हें विचारावयास वय लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. थोडें धैर्य मात्र लागतें.

पुढल्या लग्नसराईंत आमच्या तालुक्यांतील एखाद्या म्हाताऱ्या वाजंत्र्यास 'नेहमींचेंच आहे' असें म्हणण्याचा प्रसंग न येवो, एवढी इच्छा प्रदर्शित करून आम्ही वाचकांची रजा घेतों.